गुण्याबाईंची साक्ष

पत्र्याचं काम करणाऱ्याकडे एक लोखंडी काटकोन असतो, त्याला गुण्या म्हणतात. दोन पत्रे एकमेकांना बरोबर उभे-आडवे बसलेत की नाही, हे तो कोपऱ्यात टेकवला की कळतं. बंदरामागच्या गल्लीत ज्या बाईंचं पत्र्याचं दुकान होतं, त्यांच्या हातात हा गुण्या इतका कायम असे की लोक त्यांना गुण्याबाईच म्हणू लागले. वय सत्तावन्न, लग्न केलेलं नाही, उजव्या हाताच्या अंगठ्यावर कातरीचा जुना वण. वडील गेल्यावर दुकान त्यांच्याकडे आलं. वडील नळकांडी आणि धुराडी करायचे. बाईही करत. पण त्यांचं नाव झालं ते रिफ्लेक्टरसाठी.

छोट्या शिडाच्या बोटीचं दुखणं असं की ती लाकडाची नाहीतर फायबरची असते. धुक्यात मोठं जहाज रडार लावून चालतं. रडारच्या लाटा लोखंडावर आपटल्या की परत फिरतात आणि जहाजाच्या पडद्यावर ठिपका उमटतो. लाकूड आणि फायबर त्यांना दादच देत नाहीत. बोट समोर असते आणि पडद्यावर नसते. म्हणून डोलकाठीवर रिफ्लेक्टर चढवायचा. ॲल्युमिनियमचे तीन पत्रे एकमेकांत काटकोनात अडकवले की त्यांच्यात आठ कोनाडे तयार होतात. कुठूनही लाट आली तरी एखादा कोनाडा तिला आली तशी परत पाठवतो. सगळी गंमत कोनात. कोन दोन-तीन अंशांनी फाकला की लाट भलतीकडे जाते आणि डोलकाठीवर नुसतं चकचकीत खेळणं उरतं. बाई तीन-तीनदा गुण्या लावत. एखादा पत्रा मनासारखा बसला नाही तर तो सरळ भंगारात टाकत.

"अहो बाई, एवढा फरक समुद्राला कळतो का?" असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "समुद्राला नाही कळत. जहाजाला कळतो."

त्यांना एकच भाऊ. दादा त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठे, पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी शिडाची बोट घेतली, बावीस फुटांची. "आयुष्यभर लोकांची दारं वाजवली. आता जिथे दारच नाही तिथे जाऊन बसतो," असं म्हणत. दर बुधवारी सकाळी एकटेच खाडीच्या तोंडापर्यंत जायचे आणि दुपारच्या जेवणाला परत यायचे. मासे पकडायचे नाहीत, शर्यत लावायची नाही. नुसते जायचे. वहिनी त्यांना धक्क्यापर्यंत पोचवायला येत. थर्मास, टोपी, कोरडा सदरा अशा तीन वस्तू हातात देत आणि चौथी विसरली म्हणून घराकडे पळत. दादांचा डावा खांदा आखडल्यापासून दोऱ्या ओढायचं कामही वहिनींकडे आलं होतं. "बोट ह्यांची, हमाली माझी," असं त्या धक्क्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, आणि मनातून खूश असत.

दादांच्या बोटीवरचा रिफ्लेक्टर अर्थातच बाईंनी केलेला होता. तो टांगायची एक रीत आहे. एका बाजूच्या तीन टोकांना तीन दोऱ्या बांधायच्या, त्या वर एकत्र आणायच्या आणि असा चढवायचा की एक कोनाडा आकाशाकडे उघडा राहील; पाऊस पडला तर त्यात पाणी साचेल, असा. एकाच टोकाला बांधला तर तो कंदिलासारखा लोंबतो. दिसायला छान दिसतो, पण त्याचं तेज कितीतरी कमी होतं आणि बोट कलली की जवळजवळ जातंच. दादांच्या रिफ्लेक्टरच्या तीन दोऱ्या उन्हाने कुजल्या होत्या. एका सोमवारी ते दुकानात येऊन म्हणाले, "छोटे, दोऱ्या बदलून दे गं."

"आज धुराड्याचं काम आहे. उद्या-परवा टाकते की," बाई म्हणाल्या.

"बरं," म्हणून दादा गेले.

त्या बुधवारी सकाळी नऊपर्यंत ऊन होतं. दहाच्या सुमाराला धुकं आलं, आणि असं आलं की धक्क्यावरून धक्क्याचं टोक दिसेना. साडेअकराला खाडीच्या तोंडाशी एका मालवाहू जहाजाच्या खलाशाला पुढच्या बाजूने काहीतरी मोडल्याचा आवाज आला. जहाज थांबायलाच मैलभर लागला. संध्याकाळी कोळ्यांनी मोडलेली डोलकाठी आणि उलटी झालेली बोट ओढत आणली. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले.

पुढच्या चार दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. माणसं आली, बसली, गेली. वहिनी कुणाशी बोलत नव्हत्या. पाचव्या दिवशी दोघीच घरात असताना त्या एकदम बोलायला लागल्या.

"वन्सं, त्या दिवशी ना, त्यांचा खांदा फारच दुखत होता. तर तो तुमचा चकचकीत डबा मीच वर चढवला. दोऱ्या तुटल्या होत्या त्याच्या. मी घरून कपडे वाळत घालायची निळी दोरी आणली आणि मस्त घट्ट बांधला. ते म्हणाले, आता तू बोटीवर नोकरीच धर." वहिनी हसल्या आणि हसता हसता थांबल्या. "शेवटचं काम मी नीट केलं. तेवढंच धरून बसलेय मी."

"कुठे बांधलात?" हा प्रश्न ओठांपर्यंत आला आणि त्यांनी तो गिळला.

उत्तर त्यांना सहाव्या दिवशी मिळालं. बंदर कचेरीच्या मागच्या शेडमध्ये डोलकाठीचा तुकडा ठेवला होता. ओळख पटवायला म्हणून बाईंना बोलावलं होतं. रिफ्लेक्टर अजून डोलकाठीला लटकलेला होता. धडकेत त्याचे दोन पत्रे दुमडले होते. निळी दोरी एकाच टोकाच्या भोकातून ओवलेली होती. गाठ इतकी पक्की की एवढ्या आपटाआपटीतही सुटली नव्हती.

ते भोक बाईंनीच पाडलेलं होतं. रिफ्लेक्टर घरी आणला की खुंटीला अडकवता यावा, एवढ्यासाठी. कोणीही नवखा माणूस दोरी ओवायला भोकच शोधणार. बाईंनी पत्र्यावर हात ठेवला. मग सवयीने त्यांनी आतल्या खाचा बोटाने चाचपल्या. दुमडला नव्हता त्या भागात कोन अजून चोख होता.

चौकशी पुढच्या आठवड्यात झाली. बंदर कचेरीतल्या वरच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता, आणि खिडकी उघडी ठेवायला तिच्यात खुपसलेली फाइल. चौकशी अधिकारी सर्दीने बेजार झालेले गृहस्थ होते, पण प्रश्न मुद्द्याचे विचारत. जहाजाचा दुय्यम अधिकारी आधी बोलला. जेमतेम तिशीचा माणूस.

"पडद्यावर बोट नव्हती, साहेब. एक-दोनदा काहीतरी लुकलुकलं. मी लाटा समजलो. लाटांचेही ठिपके येतात. मग मी दुसरीकडे बघितलं."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं. तीन असतील."

मग बाईंना बोलावलं. वहिनी मागच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर दादांची टोपी घेऊन.

"हा रिफ्लेक्टर तुम्ही बनवलेला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो."

"बोटीवर तो असूनही जहाजाला नीट दिसला नाही. तुम्ही यातल्या जाणकार. कारण काय असेल? त्याच्यात दोष होता, की टांगण्यात काही चूक झाली?"

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. बाईंना मागे वळून बघायचं नव्हतं, तरी त्यांनी बघितलं. वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या. माझ्या माणसाची बाजू आता ही मांडेल, अशा भरवशाने.

"टांगण्यात काही चूक नव्हती," बाई म्हणाल्या. "कोन फाकलेला होता. तीन अंश. माझ्या हातून राहिलं."

"तुमच्या हातून?" अधिकाऱ्यांनी मान वर केली. बाईंची ख्याती त्यांनाही ठाऊक होती.

"घरचंच काम म्हणून तपासलं नाही. गुण्या लावला नाही."

पत्रे दुमडलेले होते आणि उरलेल्या भागाला गुण्या लावून बघेल असं तिथे दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ते खोटं ठरवणं कुणाला शक्य नव्हतं. कारकुनाने लिहून घेतलं. बाईंनी सही केली. आयुष्यात त्यांनी अर्ध्या अंशाबद्दलही खोटं सांगितलं नव्हतं, आणि पहिलं खोटं सांगितलं ते कागदावर.

खाली उतरताना जिन्यात वहिनींनी त्यांना गाठलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सगळ्या गावाचे तपासता," वहिनी म्हणाल्या. "तीन-तीनदा तपासता. आणि ह्यांचा नाही?"

बाई जिन्याच्या कडेला सरकल्या.

"माझ्या दारात येऊ नका," वहिनी म्हणाल्या आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या.

हे होणार, याचा बाईंनी अंदाज केला होता. वहिनींनी आपला राग केला तर निदान स्वतःचा करणार नाहीत, एवढाच हिशोब त्यांनी त्या खोलीत केला होता. ज्याचा अंदाज केला नव्हता, ते नंतर सुरू झालं.

हौशी बोटवाल्यांच्या क्लबचे चिटणीस एका सकाळी चार रिफ्लेक्टर घेऊन आले आणि बाकावर ठेवून म्हणाले, "राग मानू नका. सभासद ऐकत नाहीत." पाठोपाठ आणखी आले, कुणी पोत्यात घालून, कुणी नुसतेच काखोटीला मारून. महिन्याभरात दुकानाच्या कोपऱ्यात ढीग झाला. बाईंनी सवयीने एकेकाला गुण्या लावून बघितला. सगळे चोख होते.

आणि डोलकाठ्यांवर पांढऱ्या नळ्या दिसू लागल्या. बंदरावरच्या बोटसामानाच्या दुकानात त्या मिळत. हाताच्या मनगटाएवढी प्लास्टिकची नळी, आत सुपारीच्या डबीएवढे पत्र्याचे तुकडे रचलेले. दिसायला नेटकी, शीड फाटायची भीती नाही, टांगायची कटकट नाही. पण रिफ्लेक्टरला आकार लागतो. निम्मा केला तर तेज निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. त्या नळीतला तुकडा तर निम्म्याच्याही निम्मा नव्हता. बाई धक्क्यावर उभ्या राहून डोलकाठ्या मोजत. सात नळ्या. मग अकरा. मग सतरा. ज्यांनी बाईंचेच रिफ्लेक्टर ठेवले होते, त्यांतले दोन-तीन ते टोकाला बांधून कंदिलासारखे मिरवत होते. टांगण्यात काही चूक नव्हती, असं खुद्द बाईंनीच सही करून सांगितलेलं. मग लोक तरी का विचार करतील?

एका माणसाला वाचवायला म्हणून बोलले, आणि आता हे बाकीचे धोक्यात. हा विचार बाईंच्या डोक्यातून जाईना. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा.

शेवटी त्या फेरीबोटीच्या कप्तानाकडे गेल्या. खाडीच्या या काठावरून त्या काठाला दिवसातून सहा वेळा जाणारी ती फेरीबोट. तिचा कप्तान म्हणजे दादांच्या वर्गातला, फारसं न बोलणारा माणूस. बाई म्हणाल्या, "मला रडारचा पडदा बघायचाय. आयुष्यभर त्याच्यासाठी पत्रे कापले, आणि तो एकदाही बघितला नाही."

कप्तानाने दार उघडून धरलं. "उभ्या राहा. फक्त चाकाला हात लावू नका."

बाई अकरा दिवस उभ्या राहिल्या. स्वच्छ ऊन असताना बाहेर डोळ्यांनी बोट ओळखायची आणि आत पडद्यावर ती शोधायची. वहीत लिहायचं. नीट टांगलेले मोठे रिफ्लेक्टर तीन-साडेतीन मैलांवरून ठिपका देत आणि तो टिकून राहत असे. टोकाला बांधलेले यायचे आणि जायचे, यायचे आणि जायचे. लाटा उठल्या की त्यांच्यात मिसळून जायचे. नळीवाल्या बोटी बहुतेक वेळा दिसतच नसत, आणि दिसल्या तर नुसत्या डोळ्यांनी माणसाची टोपी ओळखता येईल इतक्या जवळ आल्यावर.

"आणि तेही माझं लक्ष इथेच असेल, तर," कप्तान पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "मी चहा ओतत असलो तर चांगला रिफ्लेक्टरसुद्धा काही करू शकत नाही. तेही लिहा."

बाईंनी तेही लिहिलं. घरी जाऊन त्यांनी एक मोठा कागद तयार केला. वर चित्र, कोनाडा आकाशाकडे असलेलं. त्याच्या शेजारी टोकाला टांगलेलं, त्यावर फुली. खाली फेरीबोटीवरून पाहिलेली अंतरं. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: 'मी चौकशीत सांगितलं ते खरं नव्हतं. त्या रिफ्लेक्टरचा कोन बरोबर होता. तो चुकीचा टांगला गेला होता, कारण मी त्याला टोकाशी भोक पाडलं होतं.'

ती ओळ लिहायची की नाही, यात त्यांचे तीन दिवस गेले. ओळ नसती तर कोन चुकवणाऱ्या बाईचं टांगण्याबद्दल कुणी ऐकलं नसतं. वहिनींना आधी सांगावं म्हणून त्या दोनदा त्यांच्या फाटकापर्यंत गेल्या, एकदा कडीला हातही लावला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्या परत फिरल्या. चौथ्या दिवशी त्यांनी बंदराच्या सूचना फलकावर कागद लावला आणि तीच ओळ लिहिलेलं पत्र बंदर कचेरीत दिलं. सर्दीवाल्या अधिकाऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं. "चौकशी तर बंद झाली," ते म्हणाले. "फाइलला लावून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी दुकानात आल्या. हातात तो कागद होता, कोपरे फाटलेले. बाईंनी कातर खाली ठेवली.

"हे खरं आहे?"

"हो."

"म्हणजे माझ्या हाताने."

"वहिनी, भोक माझं होतं. दोऱ्या बदलून दे म्हणून दादा सोमवारी आला होता, मी परवावर ढकललं. जहाजावरचा माणूस तीन मिनिटं दुसरीकडे बघत होता. धुकं होतं. यातलं किती कुणाचं, ते मोजायचं माप माझ्याकडे नाही."

"मला समजूत नकोय." वहिनींचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तुम्ही खोटं बोललात ते माझ्यासाठी, हे मला कळतंय. त्याचा राग नाही. पण खरं सांगायचं ठरवलंत, ते गावाला आधी आणि मला नंतर? मी भाजी घेऊन येत होते, वन्सं. फलकापुढे पाच-सहा माणसं उभी होती. मला बघून बाजूला झाली. वाट करून दिली मला वाचायला."

"मी आले होते. फाटकापर्यंत."

"फाटकापर्यंत," वहिनी म्हणाल्या.

वहिनी स्टुलावर बसल्या. कोपऱ्यातल्या परत आलेल्या रिफ्लेक्टरच्या ढिगाकडे बघत राहिल्या. "किती अंतरावरून दिसतो म्हणालात?"

"साडेतीन मैल. नीट टांगला तर."

"मला एकदा दाखवा."

दोन दिवसांनी बाई वहिनींना फेरीबोटीवर घेऊन गेल्या. कप्तानाने काही न विचारता दार उघडून धरलं. सकाळचे अकरा वाजले होते, हवा स्वच्छ. खाडीच्या तोंडाशी एक शिडाची बोट होती. तिच्या मालकाने कागद वाचून आदल्याच दिवशी बाईंकडून तीन दोऱ्या बांधून घेतल्या होत्या. कागद वाचून आलेले असे एकूण नऊ जण. बाकीचे म्हणत होते की बाईंचं डोकं फिरलंय, आज एक सांगतात आणि उद्या दुसरं.

बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा."

वहिनी वाकल्या. पडद्यावरची रेघ गोल फिरत होती आणि प्रत्येक फेरीला तो ठिपका पुन्हा उजळत होता. एवढासा, तांदळाच्या दाण्याएवढा. वहिनींनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग पुन्हा पडद्यावर. ठिपका होता.

"म्हणजे असे दिसले असते," त्या म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या. खोटं बोलावंसं त्यांना पुन्हा एकदा वाटलं, पण त्या बोलल्या नाहीत.

वहिनी पलीकडचा काठ येईपर्यंत पडद्यासमोरून हलल्या नाहीत. फेरीबोट धक्क्याला लागली, साखळ्या पडल्या, माणसं उतरू लागली. वहिनींनी पदर सारखा केला.

"मी रस्त्याने जाते," त्या म्हणाल्या. "बस मिळेल मला."

"दोन तास लागतील, वहिनी."

"लागू देत."

त्या फळी ओलांडून उतरल्या आणि बस थांब्याकडे चालू लागल्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. पुढेही त्या बाईंच्या दुकानात कधी आल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या तर "कशा आहात?" एवढं विचारत, आणि उत्तर ऐकायला थांबत. परतीच्या फेरीला बाई एकट्याच कप्तानाच्या मागे उभ्या राहिल्या. शिडाच्या तीन बोटी बाहेर होत्या. पडद्यावर एक होती.